पाण्याखालचं गावठाण : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जुलै २०२४

२८ एप्रिल २०२४

उजनी धरण मायनसमध्ये जाऊन बरेच दिवस झालेत आणि आज आमच्या बुडालेल्या जुन्या गावठाणाचा वरचा भाग पूर्ण उघडा पडलाय. बाहेरच्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, त्यामुळं पेपरात उजनी मायनस अमुक टक्के असं येतं तेव्हा मृतसाठ्यातलं पाणी पण खाली चाललेलं असतं. शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्याच्या मागं मागं सरकतात, केबल आणि पाईप वाढवावे लागतात, सगळीकडं ओरड असते. आमचं गाव मात्र त्याच दिवसांत दिसतं.

धरण भीमेवर, १९६९ च्या सुमारास काम चालू झालं, १९८० ला पूर्ण. म्हणजे ज्या माणसांनी ही घरं सोडली त्यातली बरीच अजून आहेत, नवीन गावठाणात आहेत, करमाळ्याकडं आहेत, पुण्यात मुलांकडं आहेत. आणि तरीही त्या घरांची एकही नीट मोजणी कुणाकडं नाही.

तेवढंच करायचंय. जोती, भिंतींच्या ओळी, विहिरी, रस्ते मोजायचे, वर पडलेल्या वस्तूंची जागेसकट नोंद करायची आणि मग माणसांना विचारायचं. उकरायचं अजिबात नाही. उत्खननाला परवानगी लागते आणि आमचा तो उद्देशही नाही. कॉलेजची चार पोरंपोरी बरोबर आहेत, एक जण सिव्हिलचा आहे त्यामुळं लेव्हलचं टेन्शन नाही.

२ मे

बेसलाइन म्हणजे मोजणीची मूळ रेघ टाकली, मारुतीच्या देवळाच्या जोत्यापासून वेशीच्या दगडापर्यंत. देव नवीन गावठाणात नेलेत पण जोतं आहे तसं आहे. तिथून पाच पाच मीटरच्या चौकटी. भूमी अभिलेखमधून गावठाणाच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळाली ती क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली, वेस, देऊळ आणि चावडी हे तीन बिंदू जुळले की बाकीचं बऱ्यापैकी जागेवर येतं. वस्तू उचलायची नाही, शेजारी पट्टी ठेवून फोटो, चौकटीचा नंबर, कशाची आहे त्याचा अंदाज, आणि परत तिथंच.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात आली. लाकूड कुठंच नाही. तुळया, दारं, चौकटी, खुंट्या, सगळं लोकांनी निघताना काढून नेलं, नवीन घराला वापरलं. जाती पण बहुतेक नेली. उखळं राहिली, कारण ती जमिनीत बसवलेली. म्हणून घरात स्वयंपाकघर कुठं होतं हे ओळखायला आम्हाला उखळाचाच आधार आहे. एक दोन ठिकाणी लाटांनी गाळ धुऊन नेलाय तिथं भाजलेल्या लाल मातीचा गोल पट्टा दिसतो, चुलीची जागा. पांढऱ्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या, दगडाची जोती तेवढी उरली.

५ मे

आज ऊन फार होतं म्हणून अकराला काम बंद करून बाभळीच्या खाली बसलो आणि इनामगाववर बोलणं निघालं.

इनामगाव शिरूर तालुक्यात घोड नदीवर, आणि घोड पुढं भीमेलाच मिळते. म्हणजे आमच्याच नदीच्या वरच्या अंगाचं गाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं. साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० हा काळ. शंभराच्या वर घरं सापडली. कुणाच्या घरात चूल कुठं होती, धान्याची पेवं कुठं होती, कोणतं घर पाच खोल्यांचं होतं म्हणजे बहुतेक प्रमुखाचं होतं, कालव्यानं पाणी कसं वळवलं, लहान मुलांना घरातच जमिनीखाली कुंभात कसं पुरायचे, सगळं छापून आलंय. आता तारखा बघा. जेव्हा इनामगावला हे काम चालू होतं त्याच वर्षांत खाली आमच्याकडं धरण बांधणं चालू होतं आणि गावं उठत होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईची चूल मोजली गेली ते योग्यच झालं, त्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे, पण त्याच खोऱ्यातल्या माझ्या आज्जीची चूल कुणी मोजली नाही आणि ती तर गावातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली.

कारण साधं आहे, ते जुनं नव्हतं. केंद्राचा १९५८ चा स्मारकांचा कायदा घ्या किंवा १९७२ चा पुरावस्तूंचा, दोन्हीकडं शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना तेवढी पंच्याहत्तर. त्याच्या अलीकडचं जे काही आहे ते या दोन कायद्यांत बसत नाही. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर आलं की ड्रोन घेऊन पब्लिक येतं, व्हिडिओ होतात, छान आहे, मंदिर सुंदरच आहे. पण अशा देवळांच्या भोवती जी घरं होती त्यांच्या दगडांवरून गाड्या फिरवून लोक देवळापर्यंत जातात.

आणि शंभर वर्षं थांबायला ही जागा टिकणारच नाही. दरवर्षी पाणी वर खाली होतं, लाटा जोती पोखरतात, गाळ उचलायला ट्रॅक्टर येतात, वाळूच्या बोटी नदीपात्रात चालतात, आणि उघड्या पडलेल्या जागेत गाळपेर होते म्हणजे नांगर फिरतो. गाळपेर करणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यातले कित्येक जण याच गावचे आहेत आणि आपल्याच बुडालेल्या जमिनीत दोन महिन्यांचं पीक काढतात.

८ मे

काल ७ तारखेला मतदान होतं. बाहेर गेलेली माणसं मतदानाला गावात आली होती आणि आम्ही आधीच फोन करून ठेवले होते, त्यामुळं एका दिवसात इतकी म्हातारी माणसं भेटली की एरवी वर्षभर फिरून भेटली नसती. काही जणांना आज सकाळी खाली जुन्या गावठाणात पण नेलं.

एक आबा, वय ऐंशीच्या पुढं, स्वतःच्या जोत्यावर उभं राहून म्हणाले, "हितं ढाळज, हितं सोपा, आन् ही भित माझ्या बापानं घातली वाटणी झाल्यावर." नकाशात ते एकच घर आहे, एकच नंबर, एकच मालक, त्यांचे आजोबा. जमिनीवर मात्र मधली भिंत स्पष्ट दिसते, नंतर घातलेली, तिचा दगड वेगळा, साधा रानातला, घडीव नाही, आणि दोन्ही बाजूला दोन उखळं. म्हणजे दोन चुली होत्या. मोबदला एका घराचा मिळाला कारण कागदावर एक घर होतं. आबांचे चुलते रिकाम्या हातानं गेले आणि ते भांडण आजपर्यंत चालू आहे. पुतण्यांना ही भिंत दाखवली तर ते भांडण मिटेल असं मला वाटत नाही, पण दोन संसार होते हे आता फोटो आणि मापासकट नोंदलेलं आहे.

१२ मे

आजची नोंद मोठी आहे कारण आज नकाशावर पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट दिसलं.

गावात वीज कधी आली असं विचारलं तर सगळे सांगतात की उठायच्या आधी बरीच वर्षं आली होती. कागदावरही गाव विद्युतीकरण झालेलं आहे. आता ही कागदावरची व्याख्या काय होती ते बघण्यासारखं आहे. १९९७ पर्यंत नियम असा होता की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत धरायचं. एका मळ्यात एक मोटार चालली तरी गाव उजळलं.

आम्ही चौकटीनुसार दोन प्रकारच्या वस्तू वेगळ्या काढल्या. एक म्हणजे चिनी मातीचे तुकडे जे विजेच्या फिटिंगचे आहेत, किटकॅट फ्यूजची बॉडी, भिंतीवरच्या वायरिंगचे गुटके, कटआउट. दुसरं म्हणजे कंदिलाचं आणि चिमणीचं सामान, काचेचे वक्र तुकडे, पत्र्याची टाकी, बर्नरची पितळी टोपी. एका टाकीवर प्रभाकर हे अक्षर अजून लागतं, म्हणजे कराडजवळच्या ओगलेवाडीचा कंदील, ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा, महाराष्ट्रात घरोघरी हाच कंदील असायचा.

फ्यूजचे तुकडे सगळे देवळाच्या पुढच्या एका आळीत. चावडी, पाटलांचा वाडा, दोन दुकानं, पिठाची गिरणी, आणि संपलं. बाकीच्या अख्ख्या गावठाणात एकही नाही. कंदिलाचे तुकडे सगळीकडं, आणि गंमत म्हणजे त्या वीज असलेल्या आळीत पण भरपूर, म्हणजे वीज असली तरी तिच्यावर कुणाचा भरवसा नव्हता.

चिनी माती जड असते, लाटांनी फार लांब जात नाही, आणि आम्ही फक्त जोत्याच्या आत अडकलेले तुकडे धरले, उघड्या उतारावरचे सोडून दिले. तरी पण सिव्हिलवाल्याचं म्हणणं आहे की उत्तरेकडच्या चौकटी अजून एकदा बघाव्यात, तिकडं गाळ जाड आहे. बरोबर आहे, बघू.

संध्याकाळी हा नकाशा दोघातिघा म्हाताऱ्यांना दाखवला. देवळाच्या आळीतले तात्या म्हणाले, गावात लाईट होती की. खालच्या आळीतल्या मावशी म्हणाल्या, "तुमच्याकडं व्हती. आमी पोरं तुमच्या दिव्याखाली अभ्यासाला येत हुतो." दोघंही खरंच बोलत होते.

१६ मे

नकाशात पश्चिमेला, वेशीबाहेर, ओढ्याच्या पलीकडं महारवाडा लिहिलंय. नव्या गावठाणात त्या वस्तीचं नाव भीमनगर आहे. तिथली जोती लहान, दगड साधा, काही घरांना जोतंच नाही, नुसती चोपलेली जमीन. वरवर बघणारा पुढं निघून जाईल. पोरींनी तिथं हट्टानं दीड दिवस घालवला आणि एका घराच्या मागच्या कोपऱ्यात, दोन दगडी ओळींच्या बेचक्यात त्यांना कार्बनच्या कांड्या सापडल्या, मोठ्या सेलच्या, बऱ्याच, काहींना पितळी टोपी तशीच. जस्त खाऊन गेलं, कार्बन राहतो.

सुट्या कांड्या गावभर सापडतात, विशेष करून शाळेच्या भोवती, कारण पोरं सेल फोडून त्यानं भिंतीवर लिहायची. पण इथं एकाच जागी ढीग होता, टोपीसकट, म्हणजे खेळायला नेलेल्या नाहीत, वापरून टाकलेल्या आहेत. आता हे टॉर्चचे पण असू शकतात. म्हणून आजूबाजूचं सगळं पुन्हा चाळून बघितलं, तर त्याच चौकटीत बॅकेलाइटची फिरवायची खुंटी आणि आकडे असलेल्या काचपट्टीचा तुकडा. रेडिओ. शेजारच्या गाळात तीन पैशाचं नाणं, १९६४ ते १९७१ याच काळात ही नाणी पाडली गेली, म्हणजे तो गाळ आणि ते घर साधारण कधीचं ते कळतं.

पाटलांच्या वाड्याकडची माणसं आम्हाला ८ तारखेला एकमुखानं म्हणाली होती की गावात रेडिओ एकच, वाड्यावरचा, अख्खं गाव तिथं ऐकायला यायचं.

भीमनगरमध्ये एका आज्जींना फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेऊन जवळ धरला आणि म्हणाल्या, "आरं ही शेलाची कांडी हाय. माझा दीर दौंडला रेल्वेत व्हता, त्यानं आणला व्हता टान्झिस्टर. आमच्या दारात बसून समदी ऐकायची." समदी म्हणजे कोण, तर समदी म्हणजे वस्तीतली. वाड्यावर ऐकायला का नाही जायचे हे मी विचारलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, आत कोण घेत व्हतं.

मी हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतोय. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, माणसं जिवंत आहेत, कागद आहेत, आणि तरीही ती कांडी सापडली नसती तर आम्ही अहवालात गावात एक रेडिओ होता असंच लिहिलं असतं, कारण आम्ही वाड्यावर आधी विचारलं आणि आज्जींना विचारायला आमच्याकडं प्रश्नच नव्हता. प्रश्न त्या जागेनं दिला.

१९ मे

पोरांमधल्या एकानं आज सरळ विचारलं की माणसं जिवंत असताना हे दगड मोजण्यात अर्थ काय, सगळ्यांच्या मुलाखती घेऊया की. प्रश्न चांगला आहे. मी त्यांना विल्यम रॅथजेचं काम सांगितलं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये १९७३ ला या माणसानं विद्यार्थ्यांना घेऊन घरोघरचा ताजा कचरा वेगळा करून मोजायला घेतला, पुरातत्त्वाच्याच पद्धतीनं. लोकांना विचारलं आठवड्यात बिअर किती पिता, आणि कचऱ्यात डबे मोजले, तर तोंडानं सांगितलेला आकडा कमी आणि डबे जास्त. पुढं त्यांनी कचऱ्याचे डेपो खणले तर आत दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली, म्हणजे कागद कुजून जातो ही सगळ्यांची समजूत तिथं चुकीची ठरली. आपण सगळेच आपल्याबद्दल जे सांगतो आणि जे करतो त्यात अंतर असतं. बहुतेक वेळा त्यात खोटेपणा नसतो, आठवण अशीच चालते.

पण रॅथजेपेक्षा आमच्याकडं एक गोष्ट जास्त आहे आणि इनामगावपेक्षा तर फारच जास्त आहे, की वस्तू सापडली की ती घेऊन आम्ही माणसापुढं बसू शकतो. इनामगावच्या पाच खोल्यांच्या घरात कोण राहायचं हे कुणाला विचारणार. आमच्याकडं अजून दहा वर्षं असं विचारता येईल, फार तर पंधरा.

२२ मे

काल संध्याकाळी वादळात उजनीच्या पाण्यातून कुगावहून कळाशीला येणारी बोट उलटली. सहा जण बेपत्ता आहेत, शोध चालू आहे. आज काम नाही. आमच्यातले दोघं तिकडं काठावर गेलेत.

(नंतर लिहिलं : सहाही मृतदेह सापडले.)

२५ मे

काम परत सुरू केलं. आज फक्त रस्ते घेतले, आणि मुद्दाम घेतले. वेशीतून निघालेली फरसबंदी नदीकडं उतरते आणि तिथं पाण्याखाली जाते, पलीकडच्या काठावर तिचंच दुसरं टोक असणार. धरणाच्या आधी उन्हाळ्यात लोक पलीकडं बैलगाडीनं, नाहीतर पायी नदी ओलांडून जायचे. बाजार, लग्नं, सोयरिकी सगळं दोन्ही काठांचं एकच होतं. धरण झालं आणि मध्ये हे एवढं रुंद पाणी आलं, रस्त्यानं जायचं तर केवढा वळसा, म्हणून बोटी. डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल आहे, त्यावरून आधी रेल्वे जायची, धरणामुळं लाईन हलवली तेव्हा तोच जुना पूल लोकांनी गाड्यांसाठी वापरला, इतकी गरज होती. माणसं बोटीनं का जातात हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं बुडालेल्या रस्त्यांचा नकाशा बघावा. आमच्या गावापुरता तरी तो आता पूर्ण करायचा.

२ जून

पूर्वेकडच्या विहिरी. गावठाणातली जुनी विहीर घडीव दगडाची, पायऱ्यांची. मळ्याकडची दुसरी विहीर मात्र वरून बांधीव आणि खाली मोकळा खडक, त्या खडकात सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या उभ्या दिसतात. म्हणजे मूळ विहीर आटली आणि खाली फोडत नेली. कडेला सिमेंटच्या चौकोनात बोटानं लिहिलंय, सन १९७३. बहात्तरचा दुष्काळ. जवळच्या उतारावर खडीचा ढीग अजून आहे, दुष्काळी कामावर हातोडीनं फोडलेली, सगळे तुकडे एका मापाचे. एक काकू बरोबर होत्या, त्यांनी खडी हातात घेतली आणि लगेच सुकडीची चव, मिलोच्या लाल भाकरी, हजेरी मांडणारा मुकादम, सगळं बोलायला लागल्या, पाऊण तासाचं रेकॉर्डिंग झालं. आधी दोनदा त्यांना दुष्काळाबद्दल विचारलं होतं तेव्हा, "लय हाल झालं बाबा", एवढंच म्हणाल्या होत्या.

माझ्या मनात हेच राहून गेलं की ही विहीर दुष्काळात इतक्या कष्टानं खोल नेली आणि सात-आठ वर्षांत ती पाण्याखाली गेली.

९ जून

पाऊस. गाळ पायाला धरतो, पट्टी वाचता येत नाही. उत्तरेकडच्या चौकटी राहिल्या. राहिलेल्या सगळ्या जोत्यांचे फोटो वरून काढून घेतले, मोबाईल काठीला बांधून, एकावर एक येतील असे. ते जोडून थ्रीडी करता येईल.

१४ जुलै

नवीन गावठाणात देवळाच्या सभामंडपात मोठा नकाशा अंथरला, फ्लेक्सवर छापलेला, आणि शाईचे पेन ठेवले. म्हटलं लिहा. सुरुवातीला कुणी हात लावेना. मग एका मावशीनं आपल्या माहेरच्या घराच्या चौकोनात नाव लिहायला सांगितलं, त्यांना लिहिता येत नाही, नातीनं लिहिलं. त्यानंतर जागा पुरली नाही. कागदावर मालकांची नावं असतात, इथं लोकांनी भाड्यानं राहणाऱ्यांची लिहिली, सालगड्याची, कासाराच्या घरी दर वर्षी उतरणाऱ्या बांगडीवाल्याची, वेशीजवळ पावसाळ्यात पाल टाकणाऱ्या कुटुंबांची. त्या पालांच्या जागी आम्हाला तीन दगडांच्या चुली सापडल्या होत्या आणि आम्ही त्या अनोळखी म्हणून सोडल्या होत्या. आता त्यांना नाव नाही पण निदान कुणाच्या होत्या ते माहीत आहे. त्यांना एक पैचा मोबदला मिळाला नाही हे वेगळं सांगायला नको, ते गावचेच धरले गेले नव्हते.

भीमनगरच्या आज्जी आल्या होत्या. रेडिओच्या घरावर त्यांनी दिराचं नाव लिहून घेतलं, आणि खाली रेल्वे, दौंड असं पण लिहायला लावलं.

२८ जुलै

घाटमाथ्यावर जोरदार पाऊस आहे, भीमेला वरून पाणी येतंय. आमची साइट बुडाली.

काय झालं आणि काय राहिलं ते लिहून ठेवतो. वरच्या आणि पश्चिमेच्या भागाची मोजणी झाली, फोटो चौकटीप्रमाणे लावून झालेत, रेकॉर्डिंगचं टायपिंग पोरी करतायत. विजेचा नकाशा उत्तरेकडं अपुरा आहे आणि तसं त्याच्यावर लिहिलंय. फ्लेक्सवरच्या नावांपैकी काही दोन ठिकाणी आलीत, ती करमाळ्याकडच्या लोकांकडून तपासायची आहेत, दिवाळीत ते गावी येतात तेव्हा. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक शाळेला, एक भीमनगरच्या समाजमंदिरात लावायची. आणि शेजारच्या दोन बुडीत गावांतून फोन आलेत की आमचं पण करा, त्यांना सांगितलंय की पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका, म्हाताऱ्या माणसांचं रेकॉर्डिंग आत्ता सुरू करा, आणि भूमी अभिलेखमधून गावठाणाच्या नकाशाची नक्कल आजच मागून ठेवा कारण ती मिळायला वेळ लागतो.

धरणाची पाणीपातळी प्रत्येक वर्षी इतकी खाली जात नाही. कधी जाईल तेव्हा उत्तरेकडच्या चौकटींपासून सुरुवात करायची, बेसलाइनचे दोन्ही बिंदू जीपीएससकट फोल्डरमध्ये आहेत.